दिनामो झाग्रेबचा २०२०-२१ चा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतक्या हंगामांतून नेमका हाच का?

कारण या फुटबॉल क्लबचं बरंवाईट सगळं त्या एका वर्षात एकदमच चव्हाट्यावर आलं. लीग जिंकली, कप जिंकला, युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी स्टेडियमचा एक स्टँड भूकंपामुळे बंद होता, उरलेले करोनामुळे रिकामे होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे प्रशिक्षकाला ऐन मोसमात घरी जावं लागलं. लंडनच्या टॉटनहॅमला ३-० हरवल्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, आणि माझ्या मते ती कळल्याशिवाय त्या तीन गोलांची खरी चव कळत नाही.

दिनामो म्हणजे कुठला? कीव्हचा, मॉस्कोचा?

झाग्रेबचा. क्रोएशियाच्या राजधानीचा निळा क्लब. १९४५ मध्ये नव्या युगोस्लाव राजवटीने ग्राजान्स्कीसारखे जुने क्लब मोडीत काढले आणि दिनामो उभा केला. क्रोएशिया स्वतंत्र झाल्यावर हे नाव राज्यकर्त्यांना कम्युनिस्ट वाटायला लागलं. म्हणून १९९१ मध्ये एकदा आणि १९९३ मध्ये पुन्हा, असं दोनदा बारसं झालं. दुसऱ्या खेपेला नाव ठेवलं थेट 'क्रोएशिया झाग्रेब'. ते पाठीराख्यांनी कधीच मनावर घेतलं नाही; स्टँडमधून 'दिनामो'चाच घोष चालू राहिला. शेवटी २००० मध्ये जुनं नाव परत आलं. कागदावरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं, हा प्रकार मुंबईकरांना वेगळा समजावून सांगायला नको.

युरोपातली त्यांची जुनी कमाई म्हणजे १९६७ चा फेअर्स कप. अंतिम फेरीत त्यांनी लीड्सला हरवलं होतं. युएफा, म्हणजे युरोपीय फुटबॉलची संघटना, ती स्पर्धा आपली मानत नाही. झाग्रेबमध्ये मात्र ती बिनदिक्कत मोजली जाते.

ही नावं उच्चारायची कशी?

इथे मराठी माणूस इंग्रजी समालोचकाच्या पुढे आहे. आपल्याकडे 'च' दोन प्रकारचा: 'चार' मधला एक आणि 'चारा' मधला दुसरा. क्रोएशियनमध्येही तसेच वेगळे आवाज आहेत. ओर्शिच, पेत्कोविच, लिवाकोविच, मामिच यांच्या शेवटचा च 'चार' मधला. गोरिचा या क्लबच्या नावातला किंवा इवानुशेच या खेळाडूच्या नावातला च 'चारा' मधला. रोमन लिपीतला 'जे' दिसला की 'य' म्हणा, म्हणजे मायेर, हायदुक, ओसियेक. एवढं जमलं की ऐंशी टक्के काम झालं.

क्रोएशियाची लीग कशी चालते?

त्या वर्षी दहा संघ होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी चार सामने खेळायचे होते, म्हणजे एकूण ३६. कोप्रिव्निचाच्या स्लावेन बेलुपोशी एकदा खेळलात की वर्षभरात अजून तीनदा गाठ आहेच. एकमेकांचे डाव सगळ्यांना पाठ असतात. खरं सांगायचं तर यातले बरेच सामने कंटाळवाणे होतात. आम्हा लांबून बघणाऱ्यांचे तर दिनामोविरुद्ध हायदुक सोडून बाकी सामने कधी आले आणि कधी गेले तेही कळत नाही.

दिनामोची मक्तेदारी अशी की २००६ ते २०१६ सलग अकरा वर्षं चॅम्पियन तेच. २०१७ मध्ये रियेकाने खंड पाडला. मग पुन्हा दिनामो सुरू. २०२०-२१ चं विजेतेपद हे त्यांचं क्रोएशियन लीगमधलं बाविसावं.

म्हणजे घरी कुणी आव्हान दिलंच नाही?

दिलं, ओसियेकने. त्यांचा प्रशिक्षक होता नेनाद ब्येलिचा, जो एप्रिल २०२० पर्यंत दिनामोचाच प्रशिक्षक होता. घरातली भांडीकुंडी कुठे ठेवलीत हे ठाऊक असलेला माणूस शेजारी राहायला गेला तर काय होईल, तसं झालं. ओसियेकच्या मागे हंगेरियन पैसा होता, आणि पुढे होता रामोन मियेरेस हा अर्जेंटिनाचा आघाडीपटू. त्याने २२ गोल केले आणि लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. तरी ओसियेक दुसऱ्या क्रमांकावरच राहिला. हायदुक चौथा. स्प्लिटच्या त्या क्लबने २००५ नंतर लीग जिंकलेली नव्हती, आणि त्या वर्षीही त्यांचे प्रशिक्षकच बदलत राहिले.

चॅम्पियन असूनही चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी का खेळावी लागते?

देश लहान, म्हणून. युएफा प्रत्येक देशाच्या क्लबांची मागच्या काही वर्षांची कामगिरी जोडून क्रमवारी लावते. इंग्लंड-स्पेनचे पहिले चार थेट आत जातात. क्रोएशियाच्या पहिल्या क्रमांकालाही उन्हाळ्यात दारं ठोठावत फिरावं लागतं.

त्या वर्षी करोनामुळे पात्रता फेरीचे सामने एकेकच होते, चूक सुधारायला दुसरा सामना नाही. ऑगस्टच्या अखेरीस रोमेनियात क्लुजविरुद्ध २-२ झाले आणि दिनामो पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ ने निसटला. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला फेरेन्त्सवारोशने २-१ हरवलं आणि चॅम्पियन्स लीगचं दार बंद झालं. चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणं म्हणजे अशा क्लबचं वर्षभराचं अंदाजपत्रक, त्यामुळे झाग्रेबमध्ये चांगलीच आदळआपट झाली. मग एस्टोनियाच्या फ्लोराला ३-१ हरवून ते युरोपा लीगच्या गटात आले.

बुडापेस्टचा तो पराभव पथ्यावर पडला असं मी अजूनही म्हणतो. चॅम्पियन्स लीगच्या गटात या संघाने सहा सामने खेळले असते, दोन-चार गुण घेतले असते आणि डिसेंबरात घरी बसला असता.

युरोपा लीगचा गट सोपा होता का?

नावं वाचून तसं वाटत नाही: फेयेनोर्ड, सीएसकेए मॉस्को आणि ऑस्ट्रियाचा वोल्फ्सबर्गर. पहिले दोन सामने ०-० सुटले. मग वोल्फ्सबर्गरला घरी १-० आणि बाहेर ३-०, रॉटरडॅममध्ये फेयेनोर्डला २-०, शेवटी सीएसकेएला ३-१. सहा सामन्यांत नऊ गोल केले, खाल्ला फक्त एक, तोही अगदी शेवटच्या सामन्यात. गटात पहिले.

यात दोन माणसांचं श्रेय मोठं. एक गोलरक्षक डोमिनिक लिवाकोविच. दुसरा मधल्या फळीतला क्रिस्तियान याकिच, जो त्याच मोसमात शेजारच्या लोकोमोतिवाकडून आला होता. याकिचचं काम म्हणजे धुणंभांडी: चेंडू हिसकावायचा, जवळच्याला द्यायचा, पुन्हा पळायचं. टाळ्या दुसऱ्यांना.

फेब्रुवारीत क्रास्नोदारला रशियात ३-२ आणि घरी १-० हरवलं. पहिल्या सामन्यात ब्रूनो पेत्कोविचचे दोन गोल, दुसऱ्यातला एकमेव ओर्शिचचा.

टॉटनहॅमच्या सामन्याआधी नेमकं काय झालं?

या फेरीत दोन सामने, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिल्यात, ११ मार्च २०२१ ला, लंडनमध्ये हॅरी केनने दोन गोल केले आणि दिनामो २-० हरला. बहुतेकांनी तिथेच फाइल बंद केली.

१५ मार्चला, सोमवारी, क्रोएशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मामिच बंधूंना दोषी ठरवणारा निकाल कायम केला. झ्द्राव्को मामिच म्हणजे दिनामोचा वर्षानुवर्षांचा कर्ताधर्ता. त्याला साडेसहा वर्षं. त्याचा भाऊ झोरान म्हणजे त्या दिवशी दिनामोचा चालू प्रशिक्षक. त्याला ४ वर्षं ८ महिने. ओसियेक शहरातल्या न्यायालयाने २०१८ मध्ये दोघांना दोषी ठरवलं होतं. झ्द्राव्को निकालाआधीच बोस्नियात निघून गेला होता. झोरानने त्याच दिवशी पद सोडलं. परतीचा सामना गुरुवारी होता.

सूत्रं आली दामिर क्र्झनारकडे. तो झोरानचा सहायक, बाहेर फारसं कुणाला नाव ठाऊक नसलेला. प्रमुख प्रशिक्षक म्हणून हाताखाली संघ आला आणि समोर बाकावर टॉटनहॅमचा प्रशिक्षक जोसे मोरिन्यो.

मामिच प्रकरणाचा फुटबॉलशी काय संबंध? करचुकवेगिरीच होती ना?

कर त्यात होताच, पण मूळ प्रश्न खेळाडूंच्या विक्रीच्या पैशांचा होता. दिनामो हा कागदोपत्री सभासदांचा क्लब, मालक कुणी नाही. तरुण खेळाडू घडवायचे आणि विकायचे यावरच त्याची चूल पेटते. न्यायालयात मान्य झालेली गोष्ट थोडक्यात अशी: खेळाडूंच्या करारांना पुरवण्या जोडल्या गेल्या, त्यांच्या आधारे विक्रीच्या रकमेतला मोठा वाटा खेळाडूच्या नावे वळवला गेला, आणि तिथून तो मामिच मंडळींकडे पोचला. क्लबचं नुकसान सुमारे ११.६ कोटी कुना इतकं धरलं गेलं. (कुना हे क्रोएशियाचं जुनं चलन, २०२३ पासून तिथे युरो आहे.)

आणि हे व्यवहार कोणाचे? एक देयान लोव्रेनचा, ल्योंला विकलेला. दुसरा लुका मॉद्रिचचा. मॉद्रिचला दिनामोने २००८ मध्ये विकलं होतं टॉटनहॅमला.

म्हणजे ज्या क्लबकडून आलेला पैसा वाटेत गळाला म्हणून प्रशिक्षक तुरुंगाच्या दारात उभा राहिला, तोच क्लब तीन दिवसांनी दिनामोच्या मॅक्सिमिर स्टेडियमवर खेळायला उतरत होता. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतिच झालं.

१८ मार्चच्या रात्री काय घडलं? तिन्ही गोल सांगाल का?

आनंदाने. पण आधी एक कबुली: मध्यंतराला ०-० होते, एकूण ०-२. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी फोन उशाशी उलटा ठेवला आणि 'पाच मिनिटं' डोळे मिटले. पहिला गोल मी दुसऱ्या दिवशी बघितला.

६२ वं मिनिट. मिस्लाव ओर्शिच डावीकडून आत वळला. हा त्याचा ठरलेला डाव, लीगमधल्या प्रत्येक बचावपटूला तोंडपाठ असलेला. उजव्या पायाने बॉक्सच्या कडेवरून वळवून मारला आणि चेंडू लांबच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यात. टॉटनहॅमच्या गोलरक्षकाने, ह्यूगो लोरिसने, झेप घेतली, पण ती नावापुरतीच. ८३ व्या मिनिटाला उजवीकडून जमिनीलगत पास आला आणि बॉक्सच्या मधोमध ओर्शिच मोकळा सापडला. २-०, एकूण बरोबरी, जादा वेळ.

तिसरा गोल १०६ व्या मिनिटाला, जादा वेळेचा दुसरा भाग जेमतेम सुरू झालेला. तो एकदा सावकाश बघण्यासारखा आहे. ओर्शिचकडे चेंडू आला तेव्हा गोल बराच लांब होता आणि वाटेत पांढऱ्या शर्टांची गर्दी. त्याने पास द्यायला हवा होता. तो पळत सुटला. एकेक जण समोर येतो, अर्धवट पाय घालतो, मागे राहतो. शंभर मिनिटं खेळून दमलेले पाय ओळखू येतात. बॉक्सच्या कडेला पोचल्यावर त्याने खालून, कोपऱ्यात मारला. तेव्हा मी जागा होतो, आणि ओरडलोही. घरच्यांनी सकाळी विचारलं, काय झालं होतं?

३-० झाल्यावर तर सामना संपलाच ना?

उलट, खरा जीव टांगणीला तेव्हा लागला. एकूण गोल सारखे झाले तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे, हा नियम तेव्हा अजून होता (युएफाने तो त्याच वर्षी जूनमध्ये काढला), आणि जादा वेळेतही तो लागू होता. टॉटनहॅमने एक गोल केला असता तर ३-१, एकूण ३-३, आणि पुढे टॉटनहॅम. नऊच दिवसांपूर्वी चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोने युव्हेंटसला जादा वेळेतल्या अशाच गोलावर बाहेर काढलं होतं. त्यामुळे शेवटची चौदा मिनिटं दिनामो तीन गोलांनी पुढे असूनही एका गोलाच्या अंतरावर होता. केनचे प्रयत्न लिवाकोविचने परतवले. लोक ओर्शिचचे तीन गोल मोजतात, मी लिवाकोविचचा एक चौथा धरतो.

मोरिन्यो काय म्हणाला?

तो दिनामोच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांचं अभिनंदन करून आला. आपल्या संघाबद्दल मात्र जाहीरपणे कडू बोलला. महिनाभरात टॉटनहॅमने त्याला काढलं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये मॅक्सिमिरवर चेल्सी १-० हरली, गोल ओर्शिचचाच, आणि दुसऱ्या दिवशी टॉमस टुखेलची नोकरी गेली. लंडनच्या प्रशिक्षकांनी झाग्रेबची वारी टाळलेली बरी.

ओर्शिच दिनामोच्या अकादमीचा का?

नाही, आणि मला या हंगामात सगळ्यात जास्त आवडणारी बाब हीच. बोबानपासून मॉद्रिच, कोवाचिचपर्यंत दिनामोची अकादमी नावाजलेली. बार्सिलोनाची अकादमी सोडून दानी ओल्मो पोरवयात इथे आला होता. ओर्शिच झाग्रेबचाच, पण वाट आडवळणाची: झाप्रेशिचचा छोटा क्लब, इटलीत दुसऱ्या श्रेणीत, स्लोव्हेनियात उधारीवर, मग दक्षिण कोरियात जोन्नाम, चीनमध्ये चांगचुन, पुन्हा कोरियात उल्सान. युरोपातला तरुण खेळाडू कोरियाला गेला की इथल्या लोकांच्या लेखी तो संपला. २०१८ मध्ये दिनामोने त्याला परत आणलं तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला होता. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये अटलांटाला त्यांनी ४-० हरवलं, त्यातही याची हॅटट्रिक. विकायला घडवलेल्या मालाच्या दुकानात नाव मोठं केलं ते परत आलेल्या माणसाने.

ग्वार्दिओल त्या संघात होता ना? मग तो आधीच विकलेला होता हे खरं का?

खरं. योश्को ग्वार्दिओलचा सौदा लाइपझिगशी सप्टेंबर २०२० मध्येच झाला होता. त्याला वर्षभर दिनामोकडेच खेळू दिलं गेलं. टॉटनहॅमला हरवलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि कागदोपत्री जर्मन क्लबचा. साखरपुडा झालेली मुलगी माहेरी वर्षभर राहावी तसं. २०२३ मध्ये तो मँचेस्टर सिटीत गेला.

प्रेक्षक नव्हते का?

नव्हते. मॅक्सिमिर हे जुनं, सुमारे ३५ हजार आसनांचं स्टेडियम. समोर त्याच नावाचं मोठं उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, बाजूने झाग्रेबच्या निळ्या ट्राम जातात. मार्च २०२० च्या भूकंपानंतर त्याचा पूर्वेकडचा स्टँड बंद केला होता. उत्तरेकडचा स्टँड 'बॅड ब्लू बॉइज' या पाठीराख्यांचा. त्यांनी मामिचविरुद्ध वर्षानुवर्षं घोषणा दिल्या, बहिष्कार टाकले. ज्या आठवड्यात न्यायालयाने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं आणि संघाने आयुष्यातला सामना खेळला, त्या आठवड्यात त्यांचा स्टँड रिकामा होता. चित्रफीत बघताना तिसऱ्या गोलानंतरचा आवाज ऐका. तो गर्दीचा नाही, बाकावरच्या पंचवीसेक माणसांचा आहे.

व्हिलारेआलने कसं हरवलं?

शांतपणे. झाग्रेबमध्ये जेरार्द मोरेनोच्या पेनल्टीवर १-०. स्पेनमध्ये मध्यंतरालाच २-०. नंतर ओर्शिचने एक फेडला, २-१. उनाई एमेरीचा तो संघ पुढे अंतिम फेरीत मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर ११-१० ने हरवून विजेता ठरला. त्यामुळे दिनामो कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून हरला नाही.

कपच्या अंतिम सामन्यात ६-३ हा आकडा छापील चूक आहे का?

नाही, तसंच झालं. १९ मे ला वेलिका गोरिचात, समोर पुलाचा इस्त्रा १९६१. लीगमध्ये तळाशी धडपडणाऱ्या संघाने कपच्या अंतिम सामन्यात दिनामोला तीन गोल मारले. नऊ गोलांचा अंतिम सामना कुणाच्याच लक्षात नाही, कारण सगळ्यांना मार्च आठवतो.

त्या संघातले खेळाडू पुढे कुठे गेले?

मायेर २०२१ च्या उन्हाळ्यात फ्रान्सला, रेनकडे. याकिच फ्रँकफर्टला, आणि फ्रँकफर्टने त्याच मोसमात युरोपा लीग जिंकली. इवानुशेच फेयेनोर्डला, लिवाकोविच तुर्कीत फेनरबाचेला, ओर्शिच साउदॅम्प्टनला. तिथे त्याचं जमलं नाही. मारियो गाव्रानोविच आठवत असेल तर तो याच संघाचा: २०२१ च्या युरोमध्ये फ्रान्सविरुद्ध स्वित्झर्लंडचा ९० व्या मिनिटाचा बरोबरीचा गोल त्याचा.

पण २०२२ चा कतारमधला विश्वचषक बघा. ब्राझीलविरुद्ध ११७ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल पेत्कोविचचा, पास ओर्शिचचा. जपान आणि ब्राझील दोघांच्या पेनल्टी अडवणारा लिवाकोविच. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मोरोक्कोविरुद्ध दोन गोल: ग्वार्दिओल आणि ओर्शिच. मॅक्सिमिरची रिकामी रात्र ज्यांनी पाहिली होती त्यांना यात नवल वाटलं नाही.

भारताशी या लीगचा काही संबंध?

दोन. भारताचा २०१९ ते २०२४ मधला प्रशिक्षक इगोर श्तिमाच हा हायदुकमध्ये घडलेला आणि १९९८ च्या कांस्यविजेत्या क्रोएशियाचा बचावपटू. दिनामोचं कौतुक त्याच्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. दुसरा संदेश झिंगन. ऑगस्ट २०२१ मध्ये तो शिबेनिककडे गेला, क्रोएशियाच्या अव्वल श्रेणीच्या क्लबने करारबद्ध केलेला पहिला भारतीय. दुखापतीमुळे एकही अधिकृत सामना न खेळता जानेवारीत परतला. पुढे तो एफसी गोवाकडून खेळला.

आपल्याकडून बघायचं तर किती वाजता?

क्रोएशिया उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे लीगचे दुपारचे सामने आपल्याकडे जेवणाच्या वेळेला येतात, ते निवांत बघता येतात. युरोपातले सामने रात्री दहानंतर किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. मध्यंतरात फोन उलटा ठेवू नका.